शेवयांची वाहतूक

"अगं, ऐकतच नाही ती. शेवया म्हणजे शेवया. दरवर्षी तेच. डोक्यात नुसता बांबू घुसलाय."

हे वाक्य माझ्या मुलाने, हिदेताकाने, त्याच्या बायकोला ऐकवलं. माझ्याशी फोनवर बोलता बोलता त्याने फोनवर हात ठेवला होता. हात ठेवला की पलीकडच्याला काही ऐकू जात नाही अशी त्याची लहानपणापासूनची समजूत आहे. मी ती कधी दूर केली नाही. त्यामुळेच त्याच्या घरच्या सगळ्या बातम्या मला वेळच्या वेळी कळत आल्या आहेत.

मग त्याने हात काढला आणि गोड आवाजात म्हणाला, "आई, मी काय म्हणतो, यंदा ते शेवयांचं राहू दे ना. तू एकटी... म्हणजे, यंदा जरा... कळतंय ना तुला?"

"नाही कळत," मी म्हटलं. "शनिवारी दुपारी वाहत्या शेवया. मुलींना भूक ठेवून आण."

आमच्याकडे हे असंच आहे. चिचिबूच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. ऑगस्टमध्ये ओबोनच्या सणाला घरची सगळी माणसं परत येतात. योकोहामाची गाडीने येतात, बाकीची काकडीच्या घोड्यावरून. काकडीला चार काड्यांचे पाय लावले की झाला घोडा. पूर्वजांना लवकर घरी यायला बरा पडतो. परत जाताना वांग्याची गाय देतात, म्हणजे सावकाश जातील. आणि मधल्या एका दुपारी उभा चिरलेला लांब बांबू उतारावर बांधायचा, त्या पन्हळीत थंडगार पाणी सोडायचं, वरून उकडलेल्या बारीक शेवया सोडायच्या आणि खाली उभं राहून त्या जेवायच्या काड्यांनी पकडून अक्रोडाच्या सारात बुडवून खायच्या. मोठी नात कोतोहा चालायला लागली त्या उन्हाळ्यापासून आमच्या ह्यांनी हे सुरू केलं.

ह्यांची पन्हळ म्हणजे काय सांगू! सरळ, सुरेख, रेघेसारखी. फेब्रुवारीपासून मी ज्याला त्याला हे सांगत आले आहे. ऐकणारे मान डोलावतात आणि लगेच दुसरीकडे बघतात. भारावून जात असणार, दुसरं काय.

फेब्रुवारीत जे व्हायचं ते झालं. यंदाचं ओबोन आमच्या घरचं त्यानंतरचं पहिलं, म्हणून दारात पांढरा कंदील. हा कंदील लागला की कोणी काही विचारायचं नसतं आणि कोणी काही सांगायचंही नसतं. गावाने तर या बाबतीत कमाल केली. भाजीवाली म्हणते, "यंदा थंडी फारच पडली ना." डाकवाला म्हणतो, "हल्ली पत्रं कमी येतात तुमच्याकडे." शेजारच्या ओचिआई आजी जरा धीट, त्या ह्यांचं नाव घेऊन "इवाओचं ते झाल्यापासून" एवढ्यापर्यंत येतात आणि मग खोकतात. मी तरी कुठे वेगळी आहे? मीही म्हणते, "फेब्रुवारीत." जणू काही त्या महिन्याचंच चुकलं.

पण एक मी पक्कं ठरवलं होतं. मुलींचा उन्हाळा जागचा हलता कामा नये. यंदा एकदा "राहू दे" म्हटलं की पुढच्या वर्षी हिदेताका सकाळी येऊन संध्याकाळी परतेल, आणि त्याच्या पुढच्या वर्षी योकोहामातूनच उदबत्ती लावेल. तेव्हा पन्हळ होणार, आणि ह्यांच्या पन्हळीसारखीच होणार.

बांबू ओचिआई आजींच्या बनातला. मी कोयता घेऊन पोचले तर आजी आधीच स्टूल टाकून बसलेल्या.

"उन्हाळ्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते हो, वहिनी."

"आजी, शनिवारी वापरायचाय, रविवारी फेकायचाय. किडीला सवड कुठाय?"

"तुमची मर्जी. मी आपलं सांगायचं काम केलं. आणि आधी फांद्या काढा. नको, राहू दे. आधी बुंधा. पण उभ्या कुठे राहिलात तुम्ही? तिकडे नाही. तिकडे साप असतो."

साप नव्हता, डास होते. तासाभराने बांबू बुडातून तुटला. तुटला, पण पडेना. शेजारच्या बांबूच्या खांद्यावर डोकं टेकून तो तसाच उभा राहिला, गर्दीच्या आगगाडीत झोपी गेलेल्या माणसासारखा. मी ढकलला, ओढला, बुंध्याला मिठी मारून लोंबकळले. आजी म्हणाल्या, "इवाओ अस्संच करायचा," आणि खोकल्या. शेवटी बांबू आपणहून माझ्या अंगावर आडवा झाला, म्हणजे मी जिंकले असंच म्हणायला हवं.

तो घरी आणायला ह्यांचा छोटा ट्रक काढला. ट्रक लहान आणि बांबू लांब. मागच्या टोकाला नियमाप्रमाणे लाल फडकं बांधलं, पण वळणावर त्या टोकाने काय करायचं याबद्दल नियमात काही नव्हतं. देवळापाशी मी डावीकडे वळले, बांबू उजवीकडे वळला आणि गावाच्या सूचनाफलकावरची नाचाच्या कार्यक्रमाची सूचना अलगद उचलून माझ्यामागून घरी आला. सूचनेमागून गावसमितीचे अध्यक्ष त्सुकागोशी पायी आले.

त्सुकागोशी पूर्वी पाणीखात्यात होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या अंगातला सगळा पाणीपुरवठा गावात साचून राहिला आहे. त्यांनी सूचना काढून घेतली, घडी केली, खिशात ठेवली आणि बांबूकडे बघत म्हणाले, "म्हणजे वहिनी, यंदाही?"

"यंदाही."

"पहिल्या ओबोनला? लोक काळे कपडे घालून नमस्काराला येणार आणि अंगणात शेवया वाहणार? बरं दिसेल का ते?"

"भुकेलेही येणार. बरं दिसेल."

मग पाणीखातं जागं झालं. "पण पन्हळ गल्ली ओलांडते तुमची. परवानगी काढलीत?"

हे खरं होतं. आमचं अंगण रुमालाएवढं. उतार मिळायला पन्हळ ओसरीपासून निघते, डोक्यावरून गल्ली ओलांडते आणि पलीकडे आमच्याच अक्रोडाच्या झाडाखाली संपते. ह्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. जुने हवालदार वाटी घेऊन स्वतःच यायचे. पण वसंतात त्यांची बदली झाली आणि चौकीत नवा तरुण हवालदार आला. कपडे कडक इस्त्रीचे, प्रश्नही तसेच.

"रस्ता कशासाठी अडवायचाय, काकू?"

"अडवायचा नाही. वरून वाहतूक करायचीय."

"कशाची?"

"शेवयांची."

त्याने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "वाहन कोणतं?"

"पाणी."

"वाहतूक दुतर्फा की एकेरी?"

"एकेरी. वर चढणारी शेवई मी अजून पाहिलेली नाही."

हे त्याने लिहून घेतलं. "अर्ज घरमालकांच्या नावाने लागेल. ते कुठे असतात?"

आता या पोराला गावात येऊन जेमतेम चार महिने झाले होते, आणि पांढरा कंदील आमच्या दारात होता, चौकीच्या नव्हे. मी म्हटलं, "ते हल्ली बाहेर असतात."

"नोकरीनिमित्त?"

"तसंच काहीसं."

"परत कधी येणार?"

मला खोटं बोलता येत नाही. "तेरा तारखेला संध्याकाळी येतील. सोळाला परत जातील."

"मग झालंच की!" हवालदाराचा चेहरा खुलला. "तेराला आले की त्यांनाच सही करायला पाठवून द्या."

"सांगून बघते," मी म्हटलं आणि बाहेर येऊन चौकीच्या भिंतीला टेकून जरा वेळ उभी राहिले. हसू आलं की दुसरं काही आलं, ते सांगत बसत नाही. ऊन फार होतं.

संध्याकाळी त्सुकागोशी विजयी चेहऱ्याने आले. त्यांनी चौकीत जाऊन त्या पोराला बाजूला घेतलं होतं आणि काहीतरी सांगितलं होतं. काय ते मला सांगितलं नाही, पण बहुधा थंडीबद्दलच असावं. तोडगाही काढला होता. भूकंप-वादळासाठी गावसमितीला वर्षातून एकदा सराव करावाच लागतो, आणि सरावाला गल्ली आपोआप मिळते. तेव्हा शनिवारी दुपारी "आपत्कालीन पाणीवहन सराव."

"पण मग वहिनी, सराव म्हणजे सगळं गाव आलं. आणि हेल्मेट सक्तीचं."

"शेवया खाताना?"

"पाणी वाहत असेपर्यंत."

ज्या कामाला मी, एक बांबू आणि दोन नाती पुरेशा होत्या, त्यात आता सबंध गाव हेल्मेट घालून उतरलं. मी शेवयांची खोकी वाढवली. अक्रोड फोडायला बसले तेव्हा ओचिआई आजी सल्ल्यासकट हजर झाल्या. बांबू चिरताना कोयता मध्यावर अडकला. तो काढायला पाचर मारली, तीही अडकली. पाचरीसाठी दगड आणला, तो माझ्या अंगठ्यावर बसला. बांबूच्या आतले पडदे फोडून, कुसळं घासून पन्हळ गुळगुळीत झाली तेव्हा माझ्या दहा बोटांपैकी सहांना पट्ट्या होत्या आणि उरलेली चार मान वर करून चालत होती.

तेरा तारखेला, शुक्रवारी दुपारी योकोहामाची गाडी आली. कोतोहा यंदा एकदम उंच झालेली, अकराव्या वर्षीच मोठ्या बाईसारखी वाकून नमस्कार करणारी. धाकटी नानासे सहाची, ती नमस्कारबिमस्कार विसरून थेट बांबूकडे धावली. सूनबाई मिहोको नेहमीसारखी हसरी आणि गप्प. तिने लग्नापासून कधी "नाही" म्हटलेलं मला आठवत नाही. तिचे "हो"च इतक्या जातींचे आहेत की त्यांतून ओळखायचं. पन्हळीवरही ती सगळ्यात खालच्या टोकाला उभी राहते, जिथे शेवया जवळजवळ पोचतच नाहीत. ती मुळात कमी खाते, असं आम्ही धरून चाललोय.

हिदेताकाने गाडीतून एक मोठं खोकं काढलं आणि ओसरीवर ठेवून त्याच्याकडे पाठ केली.

"हे काय?"

"काही नाही गं. असावं आपलं."

खोक्यात प्लॅस्टिकचं एक यंत्र होतं. मेजावर ठेवायची घसरगुंडी, बॅटरीवर पाणी गोल गोल फिरतं, त्यात शेवया फिरतात आणि वर एक पेंग्विन बसलेला असतो. मी त्या पेंग्विनचं तोंड भिंतीकडे केलं.

काकडीचा घोडा मुलींनी केला. बागेतली काकडी वाकडी निघाली, त्यामुळे घोडा सारखा मागे वळून बघत होता.

"बाबा, हा घोडा कोणासाठी?" नानासेने विचारलं.

"पाहुण्यांसाठी," हिदेताका म्हणाला.

"कोण पाहुणे?"

"येतात गं. ओबोनला येतात."

मिहोकोने घोड्याचा पाय उगाच पुन्हा नीट केला. नानासेने थोडा विचार केला. "मग उद्या पन्हळ कोण पाडणार?"

"नानासे!" आईबाप एकदम म्हणाले. मी फोटोसमोरच्या फुलांचं पाणी बदलायला उठले. वयोमानाने ऐकू कमी येतं कधीकधी.

त्याच संध्याकाळी चाचणी घेतली. त्सुकागोशींनी उतार मोजला, आकडे काढले आणि ओसरीकडचं टोक वीतभर उचलायला लावलं. शेवयांचा पहिला पुंजका सुटला तो पन्हळीत फक्त नावाला टेकला, गल्लीवरून उडाला आणि अक्रोडाच्या फांदीला लटकला. दुसरा ओचिआई आजींच्या मांडीवर आला. "मला एवढ्यात नको," आजी म्हणाल्या. मग उतार कमी केला, शेवया मध्यावर थांबून विचार करू लागल्या. अंधार पडेपर्यंत चाललं होतं. शेवटी एक पुंजका शहाण्यासारखा खालपर्यंत आला, त्यात एक गुलाबी शेवई होती. शेवयांच्या खोक्यात सगळ्या पांढऱ्या असतात, एखादीच गुलाबी. त्यावरून मुली दरवर्षी भांडतात. दोघींनी एकदम काड्या घातल्या आणि एकच पुंजका दोन्हीकडून धरला.

"सोडा! सोडा आधी!" आजी केवढ्याने ओरडल्या. "एका घासाला दोघींच्या काड्या लावायच्या नाहीत!"

"का?" नानासे म्हणाली.

"तसं करायचं नसतं."

"पण का?"

आजी खोकल्या. दहनानंतर अस्थी उचलतात तेव्हा दोघं मिळून, दोघांच्या काड्यांनी एकच अस्थी धरून कलशात ठेवतात. म्हणून एरवी तसं कधी धरायचं नसतं. फेब्रुवारीत मी आणि हिदेताकाने धरली होती. कोतोहा मागे उभी होती. तिने आता आपल्या काड्या काढून घेतल्या आणि गुलाबी शेवई बहिणीला दिली.

त्या रात्री त्सुकागोशी घरून लोखंडी पाइप घेऊन आले आणि सकाळी बघते तर पन्हळीला असे टेकू लागलेले की तिच्यावरून माणूस चालत गेला असता.

शनिवारी दुपारी सगळं गाव आलं. वर पांढरी हेल्मेटं, खाली काळे कपडे, हातात उदबत्त्यांची पाकिटं आणि वाट्या. हवालदार गल्लीच्या तोंडाशी शिट्टी घेऊन उभा. मला बघून त्याने कमरेत इतका वाकून नमस्कार केला की हेल्मेट पडलं. ओबोनमध्ये घरोघर स्कूटरवरून फिरणारे भटजी घामाघूम होऊन आले, फोटोसमोर त्यांनी कधी नव्हे इतक्या वेगात मंत्र म्हटले, आणि शेवया बघून म्हणाले, "पुढच्या घरी दहा मिनिटं उशिरा गेलं तरी चालेल. तिथले लोक वाट बघण्याबाबत शांत आहेत."

मी ह्यांच्या जागेवर, ओसरीवरच्या स्टुलावर उभी राहिले. नळ सोडला. पाणी निघालं, गल्ली ओलांडून अक्रोडाखालच्या टोपलीत पडलं. थेंब गळला नाही. पहिला पुंजका सोडला. तो सुरेख सरळ वाहत खाली पोचला. दुसरा पोचला. तिसरा पोचला. हलणं नाही, सांडणं नाही.

"झकास!" त्सुकागोशी ओरडले. "रेघेसारखी!"

"अगदी ह्यांच्यासारखी," मी वरून म्हटलं.

गावाने दुसरीकडे पाहिलं.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. काहीच झालं नाही. शेवया येत होत्या, लोक उचलत होते, खात होते, "छान" म्हणत होते. कोतोहा म्हणाली, "छान झालंय, आजी." दाताच्या डॉक्टरांकडून बाहेर पडताना ती त्यांना जशी "आभारी आहे" म्हणते, अगदी तशी. नानासे पन्हळीच्या टेकूकडे आशेने बघत होती. तिने एक पाइप हळूच हलवून पाहिला, तो हलला नाही. कोणी ओरडेना, कोणी भिजेना. फक्त पाण्याचा आवाज. हेल्मेट घातलेली माणसं रांगेत उभी राहून चघळत होती, आणि सराव म्हणून बघितलं तर तो अगदी उत्तम चालला होता.

माझा राग पेंग्विनवर निघाला असता, पण तो आत होता. मी भटजींना म्हटलं, "जरा वरून सोडता का? मी खाली जाऊन बघते काय कमी पडतंय ते."

"सोडतो की," भटजी स्टुलावर चढले. "बाकी वर्षभर दुसरं काय करतो?"

मी अक्रोडाखाली गेले, सगळ्यात खालच्या टोकाला. तिथे मिहोको तिच्या नेहमीच्या जागी, आणि हिदेताका. त्याचं हेल्मेट एका कानावर आलं होतं, लहानपणी शाळेची टोपी यायची तसं.

"आई, जमलं की गं," तो म्हणाला. "एकदम पक्कं."

"हो ना."

"मग चेहरा का असा?"

"ऊन आहे."

तेवढ्यात भटजींनी सढळ हाताने भलामोठा पुंजका सोडला. तो वरच्या सगळ्यांना चुकवून खाली आला, आणि त्यात गुलाबी शेवई होती. का कोण जाणे, मला ती हवीच होती. मी काड्या घातल्या. हिदेताकानेही घातल्या. पुंजका पाण्यातून वर आला तेव्हा तो दोन्हीकडून धरलेला होता.

मला सोडता येईना. तोही सोडेना. मधे पांढऱ्या शेवया लोंबत होत्या, त्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि आम्ही दोघं फेब्रुवारीतल्यासारखेच समोरासमोर होतो. हवालदाराने तोंडातली शिट्टी काढली. ओचिआई आजींनी ओरडायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न सांगता मिटलं. त्सुकागोशी टेकूकडे बघू लागले. मला वाटलं, आता कोणीतरी थंडीबद्दल बोलेल.

मिहोकोने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते. तिने आपला हात आमच्या दोघांच्या काड्यांखाली धरला, शेवया पडू नयेत म्हणून.

"सोडू नका," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वरच्या भटजींपर्यंत पोचला. "बाबा गेले, आई. आणि त्यांची पन्हळ दरवर्षी पडायची."